गेटवेवर आवाज तुटतो, बटणं लागत नाहीत, फॅक्स अडकतो: कोडेकची सेटिंग कोणत्या क्रमाने तपासायची

पतसंस्थेची शाखा असो, दवाखाना असो की कारखान्याचं ऑफिस, व्हीओआयपी गेटवेची (साधे फोन इंटरनेटवरून चालवणाऱ्या डब्याची) तक्रार एकाच वाक्यात येते: ‘आवाज नीट येत नाही.’ एवढ्यावर सेटिंगला हात लावू नका. नेमकं काय होतंय ते आधी विचारून घ्या, कारण प्रत्येक लक्षणाचं मूळ वेगळ्या ठिकाणी असतं. कोडेक म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवायची आणि पलीकडे उलगडायची पद्धत.

लक्षणं

– आवाज मध्येच तुटतो, शब्दांचे तुकडे होतात. सकाळी ठीक, दुपारी वाईट. बहुधा नेटची लाइन भरते आहे.

– आवाज दिवसभर सारखाच खरखरीत आणि फाटल्यासारखा. शब्द कळतात, पण कोणी बोलत नसतानाही सरसर चालू असते. ए-लॉ आणि म्यू-लॉ या आवाज आकड्यांत बदलायच्या दोन पद्धतींची अदलाबदल झाल्याचा संशय घ्या.

– वाक्याचं पहिलं अक्षर खाल्लं जातं आणि बोलणं थांबलं की लाइन मेल्यासारखी वाटते. माणसं सारखी ‘हॅलो, हॅलो’ करतात. सायलेन्स सप्रेशन (गप्प असताना आवाज न पाठवायची सोय) चालू आहे.

– काही ठरावीक नंबरांना कॉल जातच नाही, किंवा समोरच्याने उचलल्या क्षणी कट होतो. दोन्हीकडच्या कोडेकच्या यादीत सामाईक काही नाही.

– बँकेच्या कस्टमर केअरला बटण दाबलं तरी ‘आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही’ असं ऐकू येतं, किंवा एकदा दाबलेला आकडा दोनदा घेतला जातो. डीटीएमएफची, म्हणजे बटणांचे सूर पाठवायची, पद्धत जुळत नाही.

– फॅक्स पहिल्या पानावर अडकतो, डायल-अप स्वाइप मशीन ‘कनेक्टिंग’वरच राहतं.

– दोन-तीन कॉलपर्यंत सगळं ठीक, पुढचा कॉल लावला की तो लागत नाही किंवा आवाज बिघडतो. गेटवेची प्रक्रिया-क्षमता संपते आहे.

– एकाच बाजूला ऐकू येतं. याचा कोडेकशी संबंध क्वचितच असतो, तरी कोडेकच्याच नावाने ओरड होते.

आधी बॅकअप

गेटवेच्या वेब पानावरून सध्याच्या कॉन्फिगरेशनची फाइल डाउनलोड करून ठेवा. कोडेकच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला, सेव्ह करा, गेटवे मागत असेल तर रीबूट करा आणि मग त्याच दोन नंबरांवर चाचणी घ्या: एक मोबाइल, एक लँडलाइन. चार सेटिंग एकदम बदलल्या आणि आवाज सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्याच बिघाडासाठी तीच माणसं पुन्हा फोन करतात, त्याचं मुख्य कारण हेच.

फुकटातली पहिली तपासणी: डायल टोन ऐका

रिसीव्हर उचला आणि नुसता डायल टोन ऐका. एफएक्सएस पोर्टवर, म्हणजे ज्या पोर्टला साधा फोन जोडतो तिथे, डायल टोन गेटवे स्वतः तयार करतो. तो इंटरनेटवरून येत नाही आणि त्यावर कोडेकची प्रक्रियाही झालेली नसते. त्या टोनमध्येच घुंघुं किंवा खरखर असेल, तर बिघाड वायर, जॅक, हँडसेट किंवा पॉवर अडॅप्टरमध्ये आहे. दुसरा हँडसेट आणि छोटी वायर थेट गेटवेच्या पोर्टला लावून पाहा. पावसाळ्यात ओल धरलेल्या जंक्शन बॉक्समुळे ही तक्रार हमखास येते आणि लोक कोडेक बदलत बसतात.

टोन स्वच्छ असेल तर पुढे चला.

लाइनीला किती भार पेलतो, त्याचा हिशेब

ही तपासणी करायला पैसे लागत नाहीत, फक्त गणित लागतं. पण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

जी.७११ हा मूळ टेलिफोनचा कोडेक. सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे ६४ केबीपीएस. जी.७२९ हा आवाज दाबून पाठवणारा कोडेक, ८ केबीपीएसचा. माहितीपत्रकात हे दोन आकडे शेजारी दिसतात आणि वाटतं, आठपट बचत. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण आवाज पाकिटांत भरून जातो आणि प्रत्येक पाकिटावरचा पत्ता दोन्ही कोडेकना सारखाच पडतो.

२० मिलिसेकंदाचं एक पॅकेट धरा. सेकंदाला अशी ५० पॅकेट जातात. जी.७११ च्या पॅकेटमध्ये आवाजाचे १६० बाइट असतात. त्यावर आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि आरटीपीचे १२, असे ४० बाइट चढतात. एकूण २०० बाइट, म्हणजे ८० केबीपीएस. इथरनेटचे १८ बाइट धरले की ८७.२ केबीपीएस. जी.७२९ मध्ये आवाजाचे फक्त २० बाइट, पण हेडरचे, म्हणजे पत्त्याचे, तेच ४०. म्हणजे २४ केबीपीएस, आणि इथरनेटसह ३१.२. बचत आठपट नाही, तिपटीपेक्षाही थोडी कमी. आणि हे आकडे एका दिशेचे आहेत. तेवढेच परत येतात.

आता आपल्या ऑफिसचा हिशेब करा. एकाच वेळी आठ कॉल चालले तरी जी.७११ ला जाताना साधारण ७०० केबीपीएस आणि येताना तेवढेच लागतात. फायबरचं कनेक्शन असेल तर हे काहीच नाही. तरीही कितीतरी ठिकाणी जुन्या, बारीक लाइनीच्या काळात लावलेला जी.७२९ तसाच चालू असतो आणि त्यापायी आवाज, बटणं आणि फॅक्स तिन्ही बिघडतात. माझं स्पष्ट मत आहे: लाइन पुरेशी असेल तर जी.७११ ए-लॉ लावा आणि जी.७२९ काढून टाका. ४जी राउटरवर चालणारी शाखा, व्हीसॅट (उपग्रहावरची लाइन) किंवा २५६ केबीपीएसची जुनी लीज्ड लाइन असेल तेवढ्यापुरताच त्याचा विचार करा.

हिशेबाने लाइन पुरते, तरी दुपारी आवाज तुटतो? मग तक्रारीच्या वेळीच लाइन मोजा, संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर नाही. ऑफिसच्या कंप्युटरवरून सिप सर्व्हरला (कॉल जोडून देणाऱ्या सर्व्हरला) २०० बाइट आकाराचे पिंग पाच मिनिटं चालू ठेवा. एक टक्क्याच्या आसपास पॅकेट गळायला लागली की कानाला जाणवू लागतं. उत्तराची वेळ २० वरून १८० आणि पुन्हा ३० मिलिसेकंद अशी उड्या मारत असेल तर ती जिटर. आतून लाइन भरणारी गोष्ट बहुतेक वेळा अपलोड असते: सीसीटीव्हीचं क्लाउडवर जाणं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप, कोणाच्या तरी मोबाइलमधले फोटो. राउटरमध्ये क्यूओएस (कोणतं पॅकेट आधी सोडायचं ते ठरवायची सोय) असेल तर गेटवेला पहिलं प्राधान्य द्या आणि एकूण अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगापेक्षा जराशी कमी ठेवा. मग रांग तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तिथे आवाजाचं पॅकेट पुढे काढता येतं. गेटवेत आवाजासाठी डीएससीपी ४६, म्हणजे पॅकेटवरचा प्राधान्याचा शिक्का, लावलेला असावा. पण साध्या ब्रॉडबँडवर ऑफिसच्या बाहेर त्याला कोणी मान देईल यावर विसंबू नका.

पॅकेट बाहेरच गळत असतील, तर कोणताही कोडेक ती परत आणून देणार नाही. पिंगचा निकाल वेळेसकट जपून ठेवा आणि नेट देणाऱ्याकडे तक्रार नोंदवा.

एकाच बाजूला ऐकू येत असेल तर

राउटरमध्ये ‘सिप एएलजी’ नावाचा पर्याय शोधा आणि बंद करा. तो सिपच्या निरोपातले पत्ते मध्येच बदलतो आणि आवाज भलतीकडे जातो. त्यानंतर गेटवेत सिमेट्रिक आरटीपी (आवाज जिथून आला तिथेच परत पाठवणं) चालू आहे का, आणि फायरवॉलमध्ये आवाजाचे यूडीपी पोर्ट मोकळे आहेत का, ते पाहा. इथे कोडेकला हात लावून वेळ घालवू नका.

कोडेकची यादी: छोटी ठेवा

आता गेटवेच्या कोडेकच्या पानावर या. तिथे ‘प्रेफर्ड व्होकोडर’ किंवा ‘कोडेक प्रायॉरिटी’ अशा नावाखाली सहा-आठ रकाने असतात आणि कारखान्यातून येताना ते सगळे भरलेले असतात. नावांनी गोंधळू नका: पीसीएमए म्हणजे जी.७११ ए-लॉ, पीसीएमयू म्हणजे जी.७११ म्यू-लॉ. प्रत्येकाला ठरलेला क्रमांकही आहे. म्यू-लॉ ०, जी.७२३.१ ला ४, ए-लॉ ८, जी.७२२ ला ९ आणि जी.७२९ ला १८. ओपस आणि आयएलबीसी यांना ९६ ते १२७ मधला कोणताही क्रमांक त्या-त्या कॉलपुरता मिळतो. हे क्रमांक पुढे पॅकेट वाचताना उपयोगी पडतात.

कॉल लागताना एक बाजू आपली यादी पाठवते आणि दुसरी त्यातलं जुळणारं निवडते. यादी लांब असली की निवड कशीही होते: जाणारा कॉल ए-लॉवर, येणारा जी.७२९ वर. कधी तर एकाच कॉलमध्ये दोन दिशांना दोन वेगळे कोडेक. नियमाने ते चालतं, पण सगळ्या उपकरणांना झेपत नाही. मग तक्रार येते की ‘कधी चांगला येतो, कधी वाईट’. म्हणून यादी दोन नावांची ठेवा:

पहिला: पीसीएमए, म्हणजे ए-लॉ.
दुसरा: पीसीएमयू. लाइन बारीक असेल तर त्याऐवजी जी.७२९.

आयपी-पीबीएक्सवरही (ऑफिसच्या अंतर्गत एक्स्चेंजवरही) हाच क्रम ठेवा. ॲस्टेरिस्क हे पीबीएक्सचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर आधी सगळे कोडेक ‘डिसअलाऊ’ करा आणि मग ए-लॉ ‘अलाऊ’ करा. आधी सगळे बंद न करता नुसता नवा जोडला, तर जुन्या यादीतले मागे राहतात. सिप ट्रंक (बाहेरच्या कॉलसाठी इंटरनेटवरची लाइन) देणाऱ्या कंपनीला ‘तुम्ही कोणते कोडेक, कोणत्या क्रमाने घेता’ हे ईमेलवर लेखी विचारा. तोंडी उत्तर पुढच्या बिघाडाच्या वेळी सापडत नाही.

ए-लॉच पहिला का? जी.७११ चं मानक १९७२ सालचं आहे आणि त्यात दोन पद्धती आहेत. भारतात आणि युरोपात ए-लॉ चालतो, उत्तर अमेरिका आणि जपानमध्ये म्यू-लॉ. आपल्याकडची पीआरआय लाइन (एका वेळी तीस कॉल नेणारी डिजिटल लाइन) ई१ वर, म्हणजे ए-लॉवर चालते. गेटवेने ए-लॉच ठेवला तर मध्ये रूपांतर करावं लागत नाही. अमेरिकेत कॉल गेला तर म्यू-लॉत बदलण्याची जबाबदारी मानकानुसार म्यू-लॉ वापरणाऱ्या देशाकडे असते, त्यामुळे त्यासाठी आपण वेगळं काही करायचं नाही. तिकडच्या नातेवाइकांनी पाठवलेल्या अडॅप्टरमध्ये म्यू-लॉ पहिला असतो. तोही चालतो, कारण पॅकेटवर ० किंवा ८ असा शिक्का असतो आणि घेणारा त्याप्रमाणे उलगडतो.

मग ‘खरखरीत’ आवाज येतो कुठून? शिक्का आणि आतला माल वेगळा निघतो तेव्हा. हे जवळजवळ नेहमी पीआरआय असलेल्या गेटवेत होतं. ई१ पोर्टच्या पानावर ‘कम्पँडिंग’ किंवा ‘पीसीएम लॉ’ अशी वेगळी सेटिंग असते. ती चुकून म्यू-लॉवर राहिली की ए-लॉचे बाइट म्यू-लॉ समजून उलगडले जातात. कोडेकच्या पानावर कितीही फेरबदल केले तरी फरक पडत नाही, कारण चूक दुसऱ्या पानावर आहे. तिथे ए-लॉ लावला की आवाज त्याच क्षणी स्वच्छ होतो.

पॅकेटची लांबी आणि सायलेन्स सप्रेशन

पॅकेट टाइम २० मिलिसेकंद ठेवा, दोन्हीकडे. ‘फ्रेम्स पर पॅकेट’ असं लिहिलेलं असेल तर जी.७२९ साठी २, कारण त्याची एक फ्रेम १० मिलिसेकंदाची असते. बँडविड्थ वाचवायला काही जण ६० करतात. हेडर कमी होतात हे खरं, पण एक पॅकेट गळलं की ६० मिलिसेकंदाचं बोलणं जातं, म्हणजे ‘त’ किंवा ‘प’सारखं अख्खं व्यंजन. खात्यावर ‘सात’ हजार की ‘साठ’ हजार, हे फोनवर कळलं पाहिजे.

सायलेन्स सप्रेशन, व्हीएडी, काही ठिकाणी ‘सायलेन्स कॉम्प्रेशन’: नाव काहीही असो, बंद करा. माणूस गप्प झाला की पॅकेट पाठवणं थांबवायचं, ही त्यामागची कल्पना. पण पुन्हा बोलायला लागल्यावर ते ओळखायला क्षणभर वेळ जातो आणि पहिलं अक्षर गळतं. हळू बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा तर आवाजच शांतता समजून कापला जातो. दवाखान्याच्या फोनवर हे अजिबात चालणार नाही.

जी.७२९ मध्ये आणखी एक अडचण लपलेली आहे. त्यातल्या या सोयीचं नाव ‘एनेक्स बी’. कॉलच्या निरोपात तिचा उल्लेखच नसेल तर नियमाने ती चालू आहे असं धरलं जातं. म्हणजे तुम्ही बंद केली, पण गेटवेने ‘एनेक्स-बी नाही’ असं सांगितलंच नाही, तर समोरचा ती चालूच ठेवतो. जी.७२९ वापरायचाच असेल तर हा पर्याय दोन्हीकडे स्पष्टपणे ‘नो’ करा.

बटणं

फोनचं प्रत्येक बटण म्हणजे दोन सूर एकदम. १ दाबला की ६९७ आणि १२०९ हर्ट्‌झ, ५ दाबला की ७७० आणि १३३६. जी.७११ हे सूर जसेच्या तसे नेतो. जी.७२९ माणसाच्या गळ्यातून आवाज कसा निघतो याचं गणित करून तेवढंच पाठवतो. दोन शुद्ध सूर त्या गणितात बसत नाहीत. पलीकडे पोचतात ते विस्कटलेले, आणि बँकेच्या यंत्राला त्यातून आकडा काढता येत नाही.

म्हणून बटणं आवाजातून पाठवायचीच नाहीत. डीटीएमएफची पद्धत ‘आरएफसी २८३३’ किंवा ‘आरएफसी ४७३३’ निवडा. दोन्ही एकच आहेत, दुसरं २००६ सालचं सुधारित रूप. यात सुराऐवजी ‘१ दाबलं, इतका वेळ’ असा निरोप वेगळ्या पॅकेटमधून जातो. त्याचा पेलोड क्रमांक बहुतेक ठिकाणी १०१ असतो. नियमाने हा क्रमांक कॉल लागताना ठरतो, पण काही उपकरणं ठरलेलं न पाहता स्वतःचाच वापरतात. बटणं अजिबातच लागत नसतील तर दोन्हीकडे १०१ लिहिलंय का ते पाहा.

आकडा दोनदा लागत असेल तर उलटा प्रकार आहे: निरोपही जातोय आणि सूरही. गेटवेत ‘इनबँड’, ‘आरएफसी २८३३’ आणि ‘सिप इन्फो’ असे तीन चौकोन असतात, आणि लागेल ते लागेल म्हणून कोणीतरी तिन्हींवर टिक केलेली असते. एकच ठेवा. तपासताना बँकेच्या नंबरवर खात्याचे आकडे दाबत बसू नका. स्वतःच्या पीबीएक्सवर एखादी व्हॉइसमेल पेटी उघडून एकाच आकड्याची पुनरावृत्ती असलेला पासवर्ड, समजा १ १ २ २, दाबून पाहा. दुप्पट लागत असेल तर तिथेच कळतं.

फॅक्स आणि स्वाइप मशीन

फॅक्सचे सूर जी.७२९ वरून जात नाहीत. त्यावर उपाय शोधू नका, तो नाही. टी.३८ ही फॅक्ससाठीची खास पद्धत चालू करा. गेटवे फॅक्सचा सूर ओळखतो आणि कॉल आवाजावरून टी.३८ वर नेतो. पण ट्रंकवाली कंपनीही टी.३८ घेत असेल तरच हे चालतं. नसेल तर ‘पास-थ्रू’ निवडा: जी.७११ ए-लॉ, सायलेन्स सप्रेशन बंद, जिटर बफर स्थिर. फॅक्स मशीनवरचा वेग ९६०० वर आणा आणि एरर करेक्शन बंद करून पाहा.

डायल-अप स्वाइप मशीन किंवा मोडेमने बोलणारा अलार्म पॅनेल असेल तर टी.३८ चा उपयोग नाही. तिथे फक्त जी.७११ पास-थ्रू, आणि त्या पोर्टचा एको कॅन्सलर (प्रतिध्वनी कापणारी सोय) बंद. तेवढ्याने भागलं नाही तर त्या उपकरणाला वेगळी लँडलाइन किंवा मोबाइल सिमची सोय करा. चोरीचा किंवा आगीचा अलार्म ‘बहुतेक वेळा लागतो’ एवढ्यावर सोडायचा नसतो.

जिटर बफर

पॅकेट पुढे-मागे पोचतात, म्हणून गेटवे ती थोडा वेळ साठवून मग ओळीने वाजवतो. ‘अडॅप्टिव्ह’ ठेवा आणि वरची मर्यादा १५० मिलिसेकंदांच्या आत. जास्त वाढवलं की आवाज तुटणं कमी होतं, पण उत्तर उशिरा पोचतं आणि दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. एका दिशेला एकूण उशीर १५० मिलिसेकंदांपर्यंत असेल तर संभाषण सहज होतं, हा आयटीयूच्या जी.११४ शिफारशीतला आकडा आहे. आवाज गोठतोय म्हणून बफर वाढवण्याआधी वरची लाइनीची तपासणी झाली आहे ना, ते पाहा.

कॉल लागतच नाही: पॅकेट उघडून वाचा

इथपर्यंतचं सगळं वेब पानावरून होतं. इथून पुढे थोडा वेळ आणि धीर लागतो. बहुतेक गेटवेत पॅकेट कॅप्चरचं बटण असतं. ते चालू करा, बिघडणारा कॉल एकदाच लावा, थांबवा आणि फाइल वायरशार्क या पॅकेट वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ‘टेलिफोनी’ मेनूत व्हीओआयपी कॉल्स निवडलं की दोन्ही बाजूंचा संवाद वरून खाली दिसतो.

पहिल्या निमंत्रणात ‘एम’ने सुरू होणारी ऑडिओची ओळ शोधा. तिच्यात पोर्टनंतर आकडे असतात, समजा १८, ४, १०१. वर दिलेले क्रमांक आठवा: हा गेटवे जी.७२९ आणि जी.७२३.१ एवढंच देऊ करतोय, आणि बटणांसाठी १०१. आता समोरून ४८८ असं उत्तर आलेलं दिसेल. त्याचा अर्थ, ‘तू देतोस त्यातलं मला काही चालत नाही’. समोरचा फक्त ए-लॉ घेणारा असणार. यादीत ८ आणलं की कॉल लागतो. पानावर ए-लॉ दिसतोय, पण ओळीत ८ नाही? मग सेटिंग सेव्ह झाली पण लागू झाली नाही, किंवा त्या पोर्टला वेगळा प्रोफाइल लावलेला आहे. पोर्टचा प्रोफाइल सामान्य यादीला मागे टाकतो, हे विसरायला होतं.

त्याच फाइलमधल्या आरटीपी स्ट्रीमच्या पानावर गळलेली पॅकेट आणि जिटर दिशेनुसार दिसतात. बाहेर जाताना शून्य आणि आत येताना चार टक्के असेल तर तुमचा गेटवे निर्दोष आहे. मात्र ध्यानात ठेवा, या फाइलमधलं बोलणं कोणीही ऐकू शकतं. ऑफिसच्या परवानगीशिवाय ती काढू नका आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.

जास्त कॉल झाले की बिघडतं

जी.७२९ ला जी.७११ पेक्षा कितीतरी जास्त गणित लागतं. म्हणून आठ पोर्टचा गेटवे आठही कॉल जी.७११ वर घेतो, पण जी.७२९ वर त्याहून कमी. जुन्या दोन पोर्टच्या अडॅप्टरमध्ये एका वेळी एकच जी.७२९ कॉल चालायचा. मॅन्युअलमध्ये कोडेकनुसार चॅनेलची संख्या दिलेली असते, ती पाहा. पीबीएक्समध्येही तेच. एका बाजूला जी.७२९, दुसऱ्या बाजूला ए-लॉ असेल तर प्रत्येक कॉल उलगडून पुन्हा बांधावा लागतो. त्यात प्रोसेसर तर खपतोच, शिवाय आवाजही प्रत्येक वेळी थोडा खालावतो. मोबाइलवरून आलेला आवाज आधीच एकदा दाबलेला असतो; त्यावर जी.७२९ चढवला की तो डब्यातून आल्यासारखा होतो. सगळीकडे ए-लॉ ठेवलं की हा प्रश्न मुळातच राहत नाही. जी.७२९ चे पेटंट शुल्क २०१७ च्या सुरुवातीला संपलं, तेव्हा लायसन्स कमी पडतंय हे कारण आता सहसा नसतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पीआरआयच्या लाइनीवर ठरावीक अंतराने ‘टक्’ असा आवाज येत असेल आणि ई१ च्या पानावर ‘स्लिप’चा आकडा वाढत असेल, तर घड्याळं जुळत नाहीत. गेटवेने ऑपरेटरच्या लाइनीवरून क्लॉक घ्यायला हवं. ती सेटिंग बरोबर असूनही स्लिप येत राहिल्या, किंवा लाल अलार्म असेल, तर काम ऑपरेटरच्या माणसाचं आहे. चालू पीआरआयवर प्रयोग केला तर तीसही चॅनेल एकदम बंद पडतात.

वीज कोसळल्यानंतर पोर्ट मेले असतील, गेटवे तापत असेल किंवा जळका वास येत असेल, तर प्लग काढा आणि उघडू नका. फोनच्या जोडीवर रिंग वाजताना ७५ ते ९० व्होल्टच्या आसपास एसी असतो. तेव्हा उघड्या वायरला हात लावायचा नाही.

कॉल रेकॉर्डमध्ये रात्री-अपरात्री केलेले, तुम्ही न लावलेले परदेशी कॉल दिसले, तर कोडेक बाजूला ठेवा. कोणीतरी आत शिरलं आहे. गेटवेची नेटची वायर काढा, ट्रंकच्या कंपनीला फोन करून परदेशी कॉल बंद करायला सांगा आणि मगच जाणकाराला बोलवा.

फर्मवेअर बदलल्याशिवाय गत्यंतर नाही अशी वेळ आली, तर कामाच्या वेळेत करू नका. ज्या गेटवेवर दवाखान्याचा आपत्कालीन नंबर, लिफ्टचा फोन किंवा अलार्म आहे, तिथे पर्यायी लाइन हाताशी असल्याशिवाय स्वतः मुळीच करू नका. इंटरनेटवरून आलेले बाहेरचे कॉल साध्या टेलिफोन लाइनीवर सोडायची मागणी कोणी केली, तर सेवा देणाऱ्या कंपनीकडून लेखी परवानगीचं स्पष्टीकरण घेतल्याशिवाय ती सेटिंग करू नका. विनापरवाना एक्स्चेंज चालवणं हा गुन्हा आहे.

जाणकार येईल तेव्हा त्याच्या हातात चार गोष्टी द्या: सुरुवातीला घेतलेली कॉन्फिगरेशनची फाइल, काय बदललं त्याची यादी, बिघडलेल्या दोन-तीन कॉलची नेमकी वेळ, दिशा आणि नंबर, आणि पॅकेटची फाइल. काम झाल्यावर गेटवेचा पासवर्ड बदला, नव्या कॉन्फिगरेशनचा पुन्हा बॅकअप घ्या आणि तारीख घालून ठेवा.